वाचकांचे प्रश्न : लेनर्ड कोहेन यांची कादंबरी कुठे गेली?

प्रश्न : लेनर्ड कोहेन हे गायक होण्यापूर्वी कादंबरीकार होते, असे नुकतेच वाचनात आले. दोनच कादंबऱ्या लिहून त्यांनी तो वाङ्मयप्रकार का सोडला? लेखनात अपयश आले म्हणून ते गाण्याकडे वळले काय?

उत्तर : अपयशापेक्षा विवंचना हे कारण अधिक खरे आहे. मॉन्ट्रियलच्या सधन वेस्टमाउंट भागात १९३४ साली जन्मलेल्या कोहेन यांचा पहिला कवितासंग्रह १९५६ मध्ये निघाला. पुढे १९६० मध्ये त्यांनी ग्रीसच्या हायड्रा बेटावर दीड हजार डॉलरला घर घेतले आणि ‘द फेव्हरेट गेम’ (१९६३) व ‘ब्यूटिफुल लूझर्स’ (१९६६) या कादंबऱ्यांनंतर कॅनडातील साहित्यवर्तुळात त्यांचे नाव गाजू लागले. मात्र नाव गाजले तरी घरखर्च भागेना. गाण्यांतून चार पैसे मिळतील या हिशेबाने ते अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला निघाले होते, पण वाटेत न्यूयॉर्कला थांबले आणि तेथील लोकसंगीताच्या वर्तुळातच रमले. लोकगायिका जूडी कॉलिन्स यांनी १९६६ मध्ये त्यांचे ‘सुझॅन’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात तेच गाणे स्वतः गाताना कोहेन इतके घाबरले, की ते अर्ध्यावर सोडून रंगमंचावरून निघून गेले. कॉलिन्स यांनी समजूत घालून त्यांना परत आणले, तेव्हा कुठे ते पूर्ण झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा पहिला अल्बम बाजारात आला. त्या वेळी त्यांनी तेहतिशी ओलांडली होती, आणि त्या क्षेत्राच्या मानाने हे वय थोराडच म्हणायचे.

तथापि त्यांनी कादंबरी सोडली, हे विधान मला अर्धेच पटते. ‘ब्यूटिफुल लूझर्स’मध्ये एक निनावी अभ्यासक आहे, त्याची मृत पत्नी ईडिथ आहे आणि त्या दोघांच्याही आयुष्यात खोलवर शिरलेला ‘एफ’ हा मित्र आहे; कादंबरीचा दुसरा भाग म्हणजे या मित्राने अभ्यासकाला लिहिलेले लांबलचक पत्रच होय. आता १९७१ च्या अल्बममधील ‘फेमस ब्लू रेनकोट’ ऐकावे. डिसेंबर संपत आला आहे, पहाटेचे चार वाजले आहेत, आणि एक पुरुष ज्या मित्राशी आपल्या बायकोचे संबंध जुळले होते त्यालाच पत्र लिहीत आहे. त्यात राग आहे, क्षमा आहे, चक्क आभारही आहेत, आणि शेवटी पत्राखाली करावी तशी कोहेन यांची सही आहे. तिढा तोच, फक्त या वेळी लेखणी मित्राच्या हातून काढून नवऱ्याच्या हाती दिलेली. शेकडो पानांचा ऐवज पाच मिनिटांत बसवताना त्यांनी काय काय गाळले, हे पाहण्यासारखे आहे : मित्राचे नाव नाही, प्रकरण कसे घडले याचा खुलासा नाही, आहे तो खांद्यावर फाटलेला रेनकोट.

अर्थात ही काटछाट वेळखाऊ होती. ‘हॅलेलुया’ या त्यांच्या गाजलेल्या गाण्याला किती काळ लागला, असे बॉब डिलन यांनी विचारले तेव्हा कोहेन यांनी दोन वर्षे सांगितली, प्रत्यक्षात त्याहून अधिक लागली होती, हे त्यांनीच पुढे कबूल केले. ते गाणे ज्या अल्बममध्ये होते, तो १९८४ मध्ये अमेरिकेत काढायला त्यांच्याच कंपनीने नकार दिला होता.

प्रश्न : कोहेन अध्यात्मासाठी मुंबईत राहिले होते, ही दंतकथा की वस्तुस्थिती?

उत्तर : वस्तुस्थिती. लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी येथील झेन मठात त्यांनी सुमारे पाच वर्षे काढली आणि १९९६ मध्ये भिक्षू म्हणून दीक्षाही घेतली. मठ सोडल्यावर १९९९ मध्ये ते मुंबईला आले ते रमेश बाळसेकर यांच्यासाठी. बाळसेकर हे निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, बँक ऑफ इंडियातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. त्यांच्या राहत्या घरी सकाळी सत्संग भरे आणि कोहेन तेथे इतर श्रोत्यांसारखे जाऊन बसत. आयुष्यभर पाठीस लागलेले नैराश्य याच सुमारास ओसरले, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. ते सत्संगामुळे की वयामुळे, याचा निवाडा त्यांनी स्वतःही केला नाही.

प्रश्न : त्यांच्या कादंबऱ्या वाचायच्या झाल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ‘द फेव्हरेट गेम’पासून. लॉरेन्स ब्रीव्हमन या मॉन्ट्रियलच्या तरुणाची ही गोष्ट बरीचशी आत्मचरित्रात्मक आहे आणि सरळ वाचता येते. ‘ब्यूटिफुल लूझर्स’ दमवते. तिच्यातील लैंगिक वर्णने आजही अनेकांना झेपणार नाहीत. त्यांच्या निधनानंतर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अ बॅले ऑफ लेपर्स’ ही या दोन्हींच्या आधी लिहिलेली असून, ती सर्वांत शेवटी वाचली तरी चालेल.