रनर्स आणि फिटनेस मॉडेल्सचे आउटडोअर फोटो काढायला 50 एमएम लेन्स पुरेल, की 70-200 झूम घ्यावीच लागेल?

लेन्सचं नंतर बघू. तुम्ही उभे कुठे राहणार, ते आधी सांगा.

शर्यतींचे फोटो विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी बरेच रविवार घातलेत. आमच्या जागा ठरवणाऱ्या सिनिअरचा एकच हेका: फिनिश लाइनवर थांबा, बिब (छातीवर लावलेला नंबराचा कागद) दिसला पाहिजे. नंबरावरून फोटो सापडतो आणि सापडला तरच विकला जातो. धंदा म्हणून मान्य. पण फिनिशला जो तो काय करत असतो, तर घड्याळ बंद करत असतो! मान खाली, नजर मनगटावर आणि तो आडवा हात नेमका बिबवर. ज्या नंबरासाठी एवढा आटापिटा, तोच झाकलेला. हे मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं, तर म्हणाले, "रनरला मेडलसोबत फोटो हवा असतो, तुझी कला नको."

पुढच्या एका शर्यतीला मला घाटातल्या वळणावर टाकलं. शिक्षाच ती. पावसाळी सकाळ, रस्त्यावरून पाणी वाहतंय. मी गुडघे टेकून बसलो, म्हणजे रनरच्या मागे गाड्या आणि कठडा न येता आभाळ येतं. पन्नाशीचे एक काका वर आले. पोटऱ्यांवर चिखल, बिबची एक पिन सुटून तो कोपऱ्यावर लोंबत होता. मागच्या पायाचा फक्त चवडा टेकलेला, पुढचा गुडघा वर, नजर थेट चढावर. फ्रेम बघूनच कळलं, हीच.

सिनिअर म्हणाले, नंबर वाचता येत नाही, अपलोड करू नको. काका स्वतःच शोधत आले, "घाटात गुडघ्यावर बसलेले तुम्हीच ना?" आणि मोठी प्रिंट घेऊन गेले. यावर आमच्या साहेबांचं उत्तर: "असतो एखादा वेडा."

म्हणून सांगतो, चढ पकडा. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ फुल मॅरेथॉनवाल्यांना शेवटच्या टप्प्यात लागतो, तिथले चेहरे बघा. नाहीतर साताऱ्याचा यवतेश्वर घाट आहेच.

बरा रनर मिनिटाला साधारण 170-180 पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला तीन. कॅमेरा सेकंदाला पाचच फ्रेम काढत असेल तर एका पावलाला दोनसुद्धा मिळत नाहीत. तेव्हा नुसतं बटण दाबून धरू नका, ताल पकडा. पाय आपटण्याच्या क्षणी गाल आणि मांड्या हलतात, तो फोटो कुणालाच आवडत नाही. जमीन सोडतानाचा हवा. शटर स्पीड 1/1000 सेकंदाच्या खाली, म्हणजे त्याहून हळू नको. धड 1/250 लाही बऱ्यापैकी थांबतं, पाय थांबत नाहीत. पॅनिंग, म्हणजे रनरसोबत कॅमेरा फिरवत मागचं धूसर करायचं, तर सरळ 1/60 किंवा त्याखाली जा, मधलं काही चालत नाही.

फिटनेस मॉडेल्सचं गणित वेगळं. सकाळचं तिरपं ऊन, शूटआधी थोडे पुशअप्स, अंगावर पाणी-ग्लिसरीनचा स्प्रे, झालं. मात्र त्यांना "धावल्यासारखं कर" कधीच सांगू नका. मुठी आवळतात, खांदे कानापर्यंत जातात आणि ज्याने आयुष्यात एकदा जरी पळून बघितलंय त्याला ते लगेच कळतं. उतार बघून खरंच पळवा, दम लागला की खांदे आपोआप खाली येतात. स्नायू उठून दिसावेत म्हणून पाणी तोडून येणारे असतात. त्यांना उन्हात पळवू नका, चक्कर येते.

आता लेन्स. मॉडेल तुमच्या सांगण्यावर परत परत पळणार असेल तर 50 भरपूर झाली, क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तर ती 75-80 सारखी वागते. शर्यतीत मात्र ताशी 12 किलोमीटरने येणारा माणूस सेकंदाला तीन मीटरहून जास्त जवळ येतो. 50 वर तो फ्रेममध्ये नीट भरेपर्यंत निघूनही जातो. तिथे 70-200 लागते. हे आमचे सिनिअरही सांगायचे आणि एवढं एक बरोबर सांगायचे.

अंधारात उतारावरच्या रनरच्या तोंडावर फ्लॅश मारू नका, पडेल बिचारा. बायकांचे चढावर मागून काढलेले फोटो टाकू नका, काढूच नका. आणि 70-200 विकत घ्यायची घाई नको, भाड्याने मिळते. फक्त मोठ्या शर्यतीच्या आठवड्यात आधी सांगून ठेवा, शनिवारी संध्याकाळी दुकानात एकही उरलेली नसते.