प्रोपिलीन आणि प्रोपेन वेगळे करायला एमओएफ निवडताना कोरड्या वायूंचे आयसोथर्म पुरेत का?

नाही, पुरत नाहीत. तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एमओएफ, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी, निवडायचा आहे, आणि एकेका वायूचे स्वतंत्र आयसोथर्म (ठरावीक तापमानाला दाबानुसार किती वायू शोषला जातो त्याचे आलेख) चांगले आले की गाइडच्या मते काम झालं. याच मुद्द्यावर २०१४ मध्ये माझं माझ्या गाइडशी वाजलं होतं. म्हणून लिहायला बसले.

मी घेतला होता एचकेयूएसटी-१ हा तांब्याचा एमओएफ. कॉपर नायट्रेट आणि ट्रायमेसिक आम्ल, दोन्ही आमच्याकडे होतं. व्हॅक्यूमखाली रात्रभर १५० अंशांवर तापवला की त्याचा रंग पिकलेल्या जांभळासारखा गडद होतो. म्हणजे तांब्यावर बसलेलं पाणी गेलं, जागा मोकळ्या झाल्या. प्रोपिलीनचा दुहेरी बंध त्या जागांना धरतो, प्रोपेनकडे तो बंधच नाही. आयसोथर्म सुंदर आले. सर खूश, मीही.

मग मिश्र वायू पावडर भरलेल्या कॉलममधून सोडून ब्रेकथ्रू, म्हणजे कोणता वायू आधी बाहेर पडतो ते, बघायचा होता. ती सोय आमच्याकडे नव्हती, पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत होती. जुलै महिना. फोंड्याहून बस पकडली, व्हायल रुमालात गुंडाळून पर्समध्ये. झाकण घट्ट आहे असं मला वाटत होतं. बाणस्तारीच्या पुलावर सहज काढून बघितली, तर वरचा थर आकाशी झालेला. पणजीला पोचेपर्यंत सगळीच पावडर आकाशी. तरी कॉलम भरला, कारण मशीनची वेळ पुन्हा महिनाभर मिळणार नव्हती. प्रोपेन आणि प्रोपिलीन जवळजवळ एकत्रच बाहेर आले.

सर म्हणाले, "तू सॅम्पल नीट सांभाळलं नाहीस, हा आकडा रिपोर्टमध्ये घालू नको." मी म्हटलं, "सर, झाकण सैल राहिलं ही माझी चूक. पण तासाभराच्या दमट हवेत ज्याचं काम बंद पडतं, तो पदार्थच तसा आहे, हे लिहायला नको?" त्यांनी ऐकलं नाही. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, मीठ आई चुलीवरच्या फळीवर ठेवायची, तरी आषाढात त्याला पाणी सुटायचंच. अशा घरात वाढलेल्या मुलीला दमट हवा ही किरकोळ गोष्ट आहे हे पटणं शक्यच नव्हतं. तीच पावडर मी परत तापवली, पुन्हा गडद झाली, आणि पुढच्या खेपेला कॉलममध्ये प्रोपिलीन मागे राहिलं. म्हणजे दोष पाण्याचाच. पाणी त्याच तांब्यावर बसतं आणि प्रोपिलीनपेक्षा घट्ट बसतं. तीन आठवडे उघड्या बशीत ठेवलेल्या भागाचं बीईटी क्षेत्रफळ (छिद्रांच्या आतल्या पृष्ठभागाचं माप) तर तापवूनही परत आलं नाही. रिपोर्टमध्ये यातलं एक वाक्य नाही.

आता तुमची निवड. या दोन वायूंच्या उत्कलनबिंदूंत जेमतेम ५ अंशांचा फरक आहे, त्यासाठी कारखान्यांत शंभराहून जास्त ट्रेचे मनोरे लागतात, तेव्हा विषय मोलाचा आहे. काउस्ट-७ हा २०१६ चा पदार्थ प्रोपेनला आतच घेत नाही आणि पाण्यालाही टिकतो. पण तो बनवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याच्या वाटेला जाऊ नका. माझं मत झिफ-८ घ्या. जस्ताचं मीठ आणि २-मिथिलइमिडॅझोल, मेथॅनॉलमध्ये, साध्या तापमानाला होतो, आणि पाण्याला आत फारसा थारा देत नाही.

आणि गंमत नाही, खरंच बघा: झिफ-८ मध्ये दोन्ही वायूंचे आयसोथर्म जवळजवळ सारखेच येतात. फरक आहे तो आत शिरण्याच्या वेगात, प्रोपिलीन सुमारे १२५ पट वेगाने शिरतं. फक्त आयसोथर्म बघून निवडणारा माणूस हा पदार्थ पहिल्याच दिवशी बाद करेल. हे त्या वेळी माझ्या हाताशी असतं तर सरांच्या टेबलावर ठेवलं असतं. स्फटिक मात्र मोठे वाढवा, बारीक पावडरीत वेगातला फरक हाताला लागत नाही.

एक गोष्ट सरांच्या बाजूनेही सांगायला हवी. कारखान्यात वायू थंड करण्याआधी मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र खड्यांवर) कोरडाच करतात, त्यामुळे तिथे जुलैची हवा कॉलममध्ये शिरत नाही. पण कोरड्या केलेल्या वायूतही पाण्याचा अंश उरतो आणि हजारो फेऱ्यांत तो उघड्या धातूवर साठत जातो. म्हणून एक ब्रेकथ्रू कोरड्या मिश्रणाचा करा, एक मुद्दाम दमट केलेल्या मिश्रणाचा, आणि दोन्ही आलेख एकाच पानावर छापा. गाइड दुसरा काढायला सांगतील तर निदान परिशिष्टात ठेवण्याची परवानगी मागा, लेखी मागा. माझा आलेख अजून वहीतच आहे, पेन्सिलीने काढलेला.