जीएसटी: सुनावणी न घेताच ऑर्डर आलीय त्यांच्यासाठी

सुनावणी न घेताच जीएसटीची ऑर्डर आली ही तुमची पोस्ट वाचून माझंच प्रकरण आठवलं. नोटिशीला वेळेत उत्तर दिलं, सुनावणीला कुणी बोलावलंच नाही आणि थेट डीआरसी-07, म्हणजे टॅक्स भरा अशी ऑर्डर. (मी वकील नाही, छोटा व्यापारी आहे, कागद जाणकाराला दाखवाच.)

माझी चूक अशी की डीआरसी-06 मध्ये उत्तर भरताना पर्सनल हिअरिंग हवी का विचारतात तिथे मी 'नो' केलं. वाटलं बिलं, बँक स्टेटमेंट, ट्रान्सपोर्टच्या पावत्या सगळं जोडलंय, आता तोंडी वेगळं काय सांगायचं. ऑर्डरमध्ये माझ्या चौदा पानांवर एक ओळ, 'उत्तर समाधानकारक नाही'. का नाही, कुठला कागद कमी पडला, काही नाही. सप्लायरने रिटर्न उशिरा भरलं म्हणून क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) पुढच्या महिन्याच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत दिसतंय, एवढं बोट ठेवून दाखवायला दहा मिनिटं पुरली असती हो!

मग ऑफिसात खेटे. दर वेळी एकच, तुम्हीच नो केलंत ना. हे साफ चूक आहे. जीएसटी कायद्याचं कलम 75(4) वाचा, लेखी मागितली तर सुनावणी द्यायचीच, पण निर्णय तुमच्या विरोधात जाणार असेल तर न मागताही द्यायची. 'नो' केलं म्हणून हा हक्क जात नाही असं अलाहाबाद हायकोर्टानेही सांगितलंय. मला हे कळलं तोवर अपिलाचे तीन महिने संपले होते, कारण दाखवून वरचा एक महिना मिळू शकतो त्यात कसंबसं बसवलं, शिवाय वादातल्या टॅक्सचे 10 टक्के आधी भरले ते वेगळेच.

म्हणून माझं मत, ऑफिसच्या तोंडी आश्वासनावर एक दिवस घालवू नका. अपिलात सुनावणी न दिल्याचा मुद्दा पहिला घ्या. थेट हायकोर्टात रिट (याचिका) करायची का ते वकिलाला विचारा, अपिलाचा मार्ग आहे म्हणून कोर्ट परतही पाठवतं. आणि पुढच्या नोटिशीला 'येस' कराच, शिवाय उत्तराच्या शेवटीही सुनावणी हवी असं लिहा. तारखेला जमत नसेल तर सबळ कारण देऊन लेखी मुदत मागा, तीनपेक्षा जास्त वेळा मिळत नाही.

जीएसटी पोर्टलवर 'अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' हा वेगळा टॅब आहे तोही आजच उघडून बघा, सुनावणीची तारीख कधी कधी तिथेच पडलेली असते. आणि ऑर्डर कुठल्या तारखेची आहे ते इथे लिहा, किती दिवस उरलेत ते आधी मोजू.