जुन्या जीपला हायवेसाठी क्राऊन-पिनियन कोणता? आधी फेरे मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी साठच्या दशकातली उंच बॉनेटची सीजे-३बी, इंजिन मूळ पेट्रोल, तीन गिअर, टायर ६.००-१६. कळंबवरून देवळी-वर्धा मार्गे नागपूरला महिन्यातून दोन-तीन चकरा होतात. पासष्टच्या वर गेलं की इंजिन केकाटते. मिस्त्री म्हणतो, मागच्या एक्सलमध्ये ३.७३ चा क्राऊन-पिनियन सेट टाका (शाफ्टवरचा छोटा दातेरी पिनियन चाकांकडचा मोठा क्राऊन फिरवतो; ३.७३ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तेवढे फेरे), गाडी समृद्धीवर शंभरने पळेल. टाकावा का?

नका टाकू. ४.८८ टाका अन् शंभर विसरा. हे एवढं ठामपणे सांगून राहिलो, कारण मी स्वतः एकदा ४.२७ टाकून हात पोळून घेतले आहेत. ते पुढे सांगतो.

आधी सध्या आत काय आहे ते पाहा. कंपनीकडून या गाडीला ५.३८ यायचा, म्हणजे पिनियनला ८ दात अन् क्राऊनला ४३. पण साठ वर्षांत किती हात फिरले असतील सांगता येत नाही, म्हणून मोजाच. गाडी सपाट जागी घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गिअर न्यूट्रलला, फोर-व्हील सोडलेलं. मागचं एकच चाक उचला, एक्सलखाली घोडी लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. दुसरं चाक जमिनीवरच राहू द्या, त्यालाही दगड. टायरवर एक खडूची खूण, प्रोपेलर शाफ्टवर (मागच्या एक्सलकडे जाणारा लांब दांडा) एक. हँडब्रेक सोडा. या गाडीत तो चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारी पेटी) मागे शाफ्टवर असतो. लावलेला राहिला तर तुम्ही चाकाशी झोंबत बसाल अन् शाफ्ट जागचा हलणार नाही. म्हणूनच दगडांचं एवढं सांगतो, गाडी तेव्हा फक्त त्यांच्यावरच उभी असते.

आता चाक हाताने बरोबर वीस फेरे फिरवा अन् घरातल्या एखाद्या पोट्ट्याला बाजूला बसवून शाफ्टचे फेरे मोजायला लावा. एक चाक जमिनीला टेकलेलं असल्याने डिफ्रेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी एक्सलमधली गिअरजोडणी) अर्धा हिशेब खाऊन टाकते, म्हणून वीसचे दहा धरायचे. शाफ्ट चोपन्नला थोडा कमी फिरला तर ५.३८. एकोणपन्नासला थोडा कमी तर ४.८८. त्रेचाळीसच्या आत थांबला तर ४.२७. दोन फेरे फिरवून अंदाज करणारे मिस्त्री असतात, त्यांचा अंदाज हमखास चुकतो.

आता हिशेब. ६.००-१६ टायर वजनासकट एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जाते. (तुमचा टायर कोणता अन् किती झिजलेला आहे, ते चाकाला खूण करून गाडी अंगणात ढकलून पाहा, टेप तर घरात असेलच.) ताशी ८० ला चाक मिनिटाला ६०६ वेळा फिरते. टॉप गिअर सरळ १ ला १ आहे, म्हणून हा आकडा एक्सलच्या गुणोत्तराने गुणला की झालं. ५.३८ वर इंजिन ३२६० फेऱ्यांवर, ४.८८ वर २९६० च्या आसपास, ४.२७ वर २५९०.

कागदावर ४.२७ छान दिसते. मलाही दिसला होता. पण तुमच्या जीपचं हे मूळ पेट्रोल इंजिन, हरिकेन, कसं आहे ते पाहा. २.२ लिटर, ४००० फेऱ्यांवर ७२ हॉर्सपॉवर, अन् सगळ्यात जास्त ओढ २००० फेऱ्यांवर. बोअर (सिलिंडरची रुंदी) ७९ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १११. म्हणजे पिस्टनची वाटचाल लांब. ३२६० फेऱ्यांवर तो सरासरी सेकंदाला १२ मीटरने वर-खाली होतो. तुम्हाला जे केकाटणं ऐकू येते ते हेच. इंजिन तिथे मरत नाही, पण दीड तास सलग तसं चालवणं त्याच्यावर अन्याय आहे, त्यातही मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हात. म्हणून फेरे उतरवायला हवेत हे बरोबर. फक्त किती उतरवायचे, तिथेच सगळं अडते.

कारण फेरे उतरवले की चाकापाशी पोचणारी ओढही तेवढीच उतरते. ४.८८ ने टॉपची ओढ नऊ टक्क्यांनी कमी होते, ४.२७ ने वीस टक्क्यांनी. अन् जीप म्हणजे काही मोटार नव्हे, चाकं लावलेली कोठी आहे. ७० चे ९० केले की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून वर जातो अन् तो तोडायला लागणारी ताकद दुपटीवर. ती ताकद ज्या फेऱ्यांवर मिळते, तिथून तुम्ही इंजिनला खाली ओढून आणलं तर ते काय करेल? मान टाकेल.

माझं तसंच झालं. एका मोडीत निघालेल्या गाडीतला ११/४७ चा, म्हणजे ४.२७ चा, सेट स्वस्तात मिळाला, म्हणून बसवला. हिंगणघाट ते नागपूर सपाट रस्ता, पाठीला वारा, गाडी एवढी शांत चालली की मी बायकोला म्हटलं, हे आधीच काहून केलं नाही! आठवड्याने घरचे पाच जण अन् सामान घेऊन परतवाड्यावरून चिखलदऱ्याला निघालो. घाट लागला तसा टॉप गेला, मग सेकंडही धड ओढेना. फर्स्टमध्ये इंजिन तापलं. थर्मास, डबे अन् रेडिएटरवर पाणी ओतणारा मी, असा तो प्रवास. परत आल्यावर उलट्या वाऱ्यात जाम चौरस्त्यापासून नागपूरपर्यंत टॉपला पाय पूर्ण दाबूनही साठ-पासष्टच मिळाले. जुन्या सेटवर याच रस्त्याला मी सत्तर काढत होतो. वर पेट्रोल जास्त. दिवाळीआधी सेट काढून ४.८८ बसवला, तो आजतागायत आहे.

शेतीचाही विचार करा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी शिरली की लो रेंज (ट्रान्सफर केसमधला जास्त ओढीचा हळू गिअर) अन् फर्स्ट लागतोच. ५.३८ ला तिथे एकूण ३७ पट कपात मिळते (इंजिनच्या ३७ फेऱ्यांना चाकाचा एक), ४.८८ ला साडेतेहतीस, ४.२७ ला साडेएकोणतीस. ३३ वर चिखलातून निघता येते, मी निघतो. ३.७३ ला तर सगळ्यात कमी मिळेल, शिवाय त्यासाठी डिफ्रेन्शियलची केजही (क्राऊन जिच्यावर बसतो ते घर) बदलावी लागते. या मागच्या एक्सलला ३.९२ पासून वरचे सेट एका केजवर बसतात, त्याखालचे दुसऱ्या. मिस्त्रीने ते सांगितलं नाही ना? विचारा. तुमच्या गाडीत कोणी डिझेल इंजिन बसवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. डिझेल कमी फेऱ्यांवर ओढते, त्याला उंच गिअरिंग मानवते. अमक्याच्या जीपला ३.७३ आहे अन् मस्त चालते, असं कोणी सांगितलं की बॉनेट उघडून पाहा.

फोर-व्हील चालू ठेवायचं असेल तर पुढच्या एक्सललाही तोच सेट लागेल. मागे ४.८८ अन् पुढे ५.३८ ठेवून फोर-व्हील टाकलं, तर पुढची अन् मागची चाकं एकमेकांशी भांडतील अन् ट्रान्सफर केस मधल्यामध्ये चिरडली जाईल. आपल्याकडच्या बऱ्याच जीपांचा पुढचा शाफ्ट काढून गोठ्यात टाकलेला असतो, तुमचाही तसाच असेल तर मागचाच बदलला तरी चालेल. मी म्हणेन दोन्ही बदला, नाहीतर जीप ठेवायची कशाला.

सेट घेताना क्राऊनवर अन् पिनियनवर ठोकलेला जोडीचा नंबर जुळतो का पाहा. हे दोघं कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाचा क्राऊन अन् दुसऱ्याचा पिनियन घातला की गाडी आयुष्यभर घोंघावत राहते. पिनियनच्या शेपटीचे स्प्लाइनही (लांबट खाचा) मोजा, जुन्या-नव्या सेटांमध्ये ते वेगळे असतात अन् मग शाफ्ट जोडायची फ्लँज बसत नाही.

बसवणारा मिस्त्री महत्त्वाचा. डायल गेज (दातांमधली बारीक फट मोजायचं घड्याळ) नाही अन् नुसता हाताने हलवून 'झालं' म्हणतो, त्याच्याकडे देऊ नका. मी ज्याच्याकडून करून घेतो तो म्हातारा शेंदूर तेलात कालवून सात-आठ दातांना लावतो, मग क्राऊन दोन्हीकडून फिरवतो अन् शेंदूर कुठे पुसला ते बॅटरीच्या उजेडात पाहतो. डाग दाताच्या मधोमध आला पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी आला की शिम (पातळ चकती) काढायचा, घालायचा, पुन्हा शेंदूर. त्या दिवशी हे पाच वेळा झालं. चौथ्यांदा मी म्हटलं, बावाजी, आता पुरे. त्याने वरही पाहिलं नाही. तेल हायपॉइड गिअरचं ९० नंबरचं. पहिले पाचशे किलोमीटर दमाने, ओझं न भरता, अन् मग तेल बदला, त्यात चांदीसारखी भुकटी दिसली तर घाबरू नका, कण दिसले तर घाबरा.

तेवढे पैसे आता नसतील तर ७.००-१६ टायर घाला. उंची सहा-सात टक्क्यांनी वाढते, म्हणजे अर्धं काम तिथेच होते. स्टिअरिंग जड होईल. ओव्हरड्राइव्ह (टॉपच्याही वरचा जादा गिअर) मिळत असेल तर तो सगळ्यात उत्तम, पण शोधून शोधून केस पिकतील, माझे पिकले.

समृद्धीचं म्हणाल तर तिथे मोटारींना १२० ची मुभा आहे. तुम्ही ७५ ने चालाल, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पाट्याच्या स्प्रिंगा, अन् शेजारून ट्रेलर गेला की गाडी हातभर सरकते. गिअरिंगने यातलं काहीच बदलत नाही. आधी किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्या) अन् ब्रेक पाहा, नागपूरला देवळीवरूनच जा.

शेवटचं, स्पीडोमीटर. त्याची केबल ट्रान्सफर केसमधून येते, एक्सल बदलल्याचा त्याला पत्ताच लागत नाही. ४.८८ वर काटा ७० दाखवेल तेव्हा गाडी ७७ ला असेल. मोबाइलवर एकदा ताडून पाहा. माझ्या काचेवर ६४ च्या जागी लाल ठिपका आहे, खरे ७० तिथे होतात. नेलपॉलिश मुलीचं आहे, तिला अजून कळलं नाही.