पेट्रोल वापरणाऱ्याने प्रदूषणाविरुद्ध बोलावं का?

तुमचा प्रश्न असा आहे की मोर्चाला स्कूटरवरून येणारे पर्यावरणवाले कोणत्या तोंडाने तेलाविरुद्ध आणि कारखान्यांविरुद्ध बोलतात, आधी पेट्रोल सोडून दाखवावं. मी बडोद्याची. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि रोज स्कूटरनेच जाते. माझं मत विचाराल तर त्यांनी बोलावं, आणि चांगलं ठणकावून बोलावं.

आमच्या गावाचं पोटच तेलावर भरलंय. कोयलीची रिफायनरी 1965 मध्ये सुरू झाली, मग खत कारखाना, पेट्रोकेमिकल्स, नंदेसरीची जीआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कितीतरी मराठी घरांतून कोणी ना कोणी तिकडे शिफ्टला गेलेलं आहे. त्यामुळे ‘उद्यापासून तेल बंद’ असं इथे मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. लोक विचारतात ते एवढंच की कारखान्याचं सांडपाणी जातं कुठे आणि ते साफ करायचा खर्च कोणी करायचा.

ते जातं कुठे, हे बडोद्याबाहेर फारसं माहीत नसतं. 1983 पासून इथे एक कालवा चालू आहे, सगळे त्याला ‘इफ्लुएंट चॅनल’ म्हणतात. औद्योगिक पट्ट्यातलं सांडपाणी त्यातून सुमारे 55 किलोमीटर वाहत जंबुसर तालुक्यातल्या सारोदपाशी मही नदीच्या मुखात पडतं. कारखान्याने आपलं पाणी शुद्ध करूनच त्यात सोडायचं, असा नियम. वाटेत पादरा तालुक्यातली शेतीची गावं आहेत. त्या भागातल्या काही गावांत कूपनलिकांना लालसर पाणी आल्याच्या बातम्या आणि तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. त्या गावातला शेतकरी डिझेलच्या पंपाने पाणी उपसतो, म्हणून त्याने लाल पाण्याबद्दल गप्प बसायचं का? तुमचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर उत्तर ‘हो’ असं येतं, आणि ते तुम्हालाही पटणार नाही.

माझ्या टेबलावर काय होतं ते सांगते. सांडपाण्याच्या नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून तो दोन तास उकळत ठेवायचा. याला सीओडी चाचणी म्हणतात, म्हणजे पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. सुरुवातीला रंग केशरी असतो. पाण्यात सेंद्रिय घाण बेताची असेल तर केशरीपणा टिकतो. घाण फार असेल तर डायक्रोमेट सगळं खर्ची पडतं आणि फ्लास्क हिरवागार होतो, मग नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागतो. मर्यादा आहे लिटरमागे 250 मिलिग्रॅम. नमुना आणून देणारा सायकलवर आला की गाडीतून, त्याने हा आकडा बदलत नाही.

आता चळवळीने मिळवलं काय, ते बघा. गुजरातमधल्या पर्यावरण सुरक्षा समितीने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 22 फेब्रुवारी 2017 ला निकाल लागला: ज्या कारखान्याचा शुद्धीकरण प्रकल्प चालू नाही त्याला तीन महिन्यांची मुदत, नाहीतर कारखाना बंद आणि वीजजोडणी तोडायची. हे फक्त बडोद्यापुरतं नव्हतं, सगळ्या देशाला लागू झालं. अंमलबजावणी अजून कितीतरी ठिकाणी कच्ची आहे, ते मला माझ्या कामात दिसतं. पण आज एखाद्या गावाला बोट ठेवायला निदान एक आदेश आहे. याचिका करणाऱ्यांनी आधी तेलमुक्त होऊन दाखवावं अशी अट कोर्टाने घातली असती, तर तो आलाच नसता.

पेट्रोलचंच उदाहरण घ्या. पूर्वी आपल्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते मुलांच्या मेंदूला घातक. 2000 साली देशभर ते बंद झालं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधन आलं (बीएस म्हणजे गाड्यांच्या धुराचं सरकारी मानक) आणि गंधकाची मर्यादा दशलक्षात 50 भागांवरून 10 वर आली. त्यासाठी रिफायनऱ्यांना यंत्रणा बदलाव्या लागल्या. यामागे वर्षानुवर्षं कोर्टात जाणारे, हवेची मोजमापं करणारे लोक होते, आणि त्यांतले बहुतेक रोज पेट्रोलच वापरत होते. तुमच्या-माझ्या गाडीत आज जे त्यातल्या त्यात स्वच्छ इंधन पडतं, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

तेलावरचं अवलंबन कमी व्हायलाच हवं, यात दुमत नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. तिकडे कुठे युद्ध भडकलं की इकडे भाजी महागते. पण मी स्कूटर काढते कारण माझ्या वेळेला बस नसते आणि हायवेवर सायकल चालवायची म्हणजे जिवावरचा खेळ. तेव्हा बस मागणं, सायकलची वाट मागणं हेही पर्यावरणाचंच काम. एकट्या माणसाच्या त्यागातून बस येत नाही, चार जणांनी महापालिकेच्या मागे लागावं लागतं. जमेल तेवढं पेट्रोल वाचवावं, मीही वाचवते. ते न जमणाऱ्याचं तोंड मात्र बंद करू नये.

तुम्हाला खरंच तपासून बघायचं असेल तर आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या नव्या प्रकल्पाच्या लोकसुनावणीला जा. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांबद्दलच्या केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. प्रकल्पाच्या परिणामांचा सारांश स्थानिक भाषेत कलेक्टर कचेरीत, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. तो वाचून जा, पाणी कुठून घेणार आणि कुठे सोडणार एवढे दोनच प्रश्न विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. शेवटी ते इतिवृत्त हजर लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, तोवर उठू नका.