जोडणीच्या (फ्लॅट-पॅक) कपाटाचा ड्रॉवर अर्ध्यात अडकतो, काय करावं?

तेल घालू नका, धूळ चिकटून आणखी जाम होईल. ड्रॉवर काढून कपाटाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. 2-3 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर सांगाडाच तिरका आहे. मागच्या हार्डबोर्डचे खिळे काढा, कर्ण जुळवा, पुन्हा ठोका. बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं.

कर्ण बरोबर असतील तर चॅनेल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) बघा. बॉल-बेअरिंग चॅनेलला ड्रॉवर आणि कपाटाच्या मध्ये दर बाजूला साधारण 12.5 ते 13 मिमी जागा लागते. लांबट भोकातले स्क्रू सैल करून दोन्ही चॅनेल समांतर करा, मगच गोल भोकात स्क्रू पिळा. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू नुसताच फिरत असेल तर काडेपेटीच्या गुल तोडलेल्या दोन काड्या फेविकॉल लावून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या.