वाक्य कुठून सुरू करायचं?

वाक्याची सुरुवात कशी करावी, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बरेच प्रश्न एकाच मुद्द्याभोवती फिरत होते, म्हणून तसे एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

महत्त्वाची गोष्ट वाक्याच्या सुरुवातीलाच ठेवावी, असा सल्ला सगळीकडे वाचते. मराठीत तसं केलं की वाक्य बोजड वाटतं. माझं काय चुकतं?
— कार्यालयात अहवाल लिहिणारी एक वाचक

तुमचं काही चुकत नाही, तो सल्ला दुसऱ्या भाषेच्या मापाचा आहे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं आणि वाक्यातला जोर त्याच्या लगेच आधीच्या शब्दावर पडतो. हीच तीन वाक्यं नेहमीच्या सुरात मोठ्याने वाचून पाहा:

सुमनने अहवाल सोमवारी पाठवला.
अहवाल सोमवारी सुमनने पाठवला.
सोमवारी सुमनने अहवाल पाठवला.

पहिलं वाक्य 'कधी पाठवला?' याचं उत्तर आहे, दुसरं 'कोणी?' याचं, तिसरं 'काय पाठवलं?' याचं. शब्द तेच आहेत. वाक्याच्या आरंभी मात्र प्रत्येक वेळी असं काहीतरी आहे, जे वाचकाला आधीच ठाऊक आहे किंवा ज्याबद्दल बोलणं चाललं आहे. मराठी वाक्याचा पहिला शब्द हा धरायची मूठ असतो, धार पुढे असते.

म्हणून लिहिण्याआधी एवढंच विचारा: या जागी वाचकाच्या मनात कोणता प्रश्न आहे? त्याचं उत्तर देणारा शब्द क्रियापदाच्या आधी ठेवा आणि मागच्या वाक्यातून हाती आलेला शब्द पुढच्या वाक्याच्या आरंभी घ्या. 'समितीने तीन शिफारशी केल्या. शिफारशींपैकी पहिली खर्चाबद्दल आहे.' असा सांधा जुळला की सुरुवात नटवावी लागत नाही.

अपवाद सूचना आणि मथळ्यांचा. तिथे मागचं वाक्यच नसतं, त्यामुळे ज्याच्याशी वाचकाचा संबंध आहे ती गोष्ट थेट आरंभी येते. क्रियापद आधी आणलं ('पाठवला बाई अहवाल एकदाचा!') तर बोलण्यातला वैताग किंवा सुटकेचा सूर उमटतो. गप्पांत ते छान, अहवालात नको.

'आणि', 'पण' या शब्दांनी वाक्य सुरू करू नये, असं शाळेत शिकवलं होतं. हा नियम खरा आहे का? आणि 'मात्र'चं काय?

शिस्त म्हणून मुलांना सांगायला ठीक आहे, व्याकरणाचा तसा नियम नाही. उभयान्वयी अव्यय दोन वाक्यं जोडतं. मध्ये पूर्णविराम आला म्हणून जोड तुटत नाही. ती जोड खरी आहे का, हे मात्र पाहावं लागतं. अव्यय खोडा आणि दोन्ही वाक्यं पुन्हा वाचा. अर्थ तसाच राहिला तर ते नुसतं श्वास घेण्यापुरतं आलं होतं. 'पण' असेल तिथे मागच्या विधानाला खरोखर आडवं जाणारं काही हवं. पुष्कळदा 'पण'नंतर फक्त पुढचा मुद्दा येतो, विरोध कुठेच नसतो.

औपचारिक दिसावं म्हणून 'पण'चं 'परंतु' किंवा 'तथापि' करण्याची गरज नाही. 'परंतु'ला एक खास जागा आहे. कायद्याच्या मसुद्यात मुख्य तरतुदीनंतर 'परंतु' असं म्हणून जो भाग सुरू होतो, तो त्या तरतुदीला घातलेली अट किंवा अपवाद असतो. त्याला परंतुक असंच म्हणतात. करारनामा लिहिताना हा शब्द सहज म्हणून वापरू नका.

'मात्र'चा स्वभाव वेगळा. ज्याचा वेगळेपणा दाखवायचा, त्याच्या पाठीला ते चिकटतं: 'सगळ्यांनी सह्या केल्या, खजिनदारांनी मात्र केली नाही.' बातम्यांत हल्ली 'मात्र, खजिनदारांनी सही केली नाही' असं सर्रास दिसतं. चूक म्हणणार नाही, पण बोट कोणाकडे दाखवायचं होतं ते त्यात हरवतं. सही खजिनदारांनीच केली नाही, की खजिनदारांनी बाकी सगळं केलं, फक्त सही केली नाही? 'खजिनदारांनी सही मात्र केली नाही' म्हटलं की दुसरा अर्थ पक्का होतो. 'सुद्धा', 'देखील' हेही मागून चिकटणारे शब्द, ते आरंभी येतच नाहीत.

'कारण'ने सुरू होणारी माझी वाक्यं संपादक नेहमी बदलतात. का?

कारण मराठीत 'कारण' परिणामाच्या मागून येतं, जसं ते या उत्तरात प्रश्नाच्या मागून आलं. 'काम थांबलं. कारण यंत्र बंद होतं.' हे बिनचूक आहे. 'कारण यंत्र बंद होतं, काम थांबलं' हे मात्र इंग्रजी साच्यात ओतलेलं वाक्य आहे. कारण आधी सांगायचं असेल तर मराठीकडे स्वतःची साधनं आहेत:

यंत्र बंद असल्यामुळे काम थांबलं.
यंत्र बंद होतं म्हणून काम थांबलं.

कारण चार-पाच शब्दांत मावत असेल तर '-मुळे' सुटसुटीत. ते लांबलं, त्यात स्वतःची क्रियापदं आली, तर '-ल्यामुळे'च्या ओझ्याने वाक्य वाकतं. अशा वेळी 'म्हणून' घ्या किंवा सरळ दोन वाक्यं करा.

'यामुळे', 'त्यामुळे', 'यातून' यांनी सुरुवात करताना आणखी एक खाच आहे. मागच्या परिच्छेदात चार गोष्टी आल्या असतील तर 'यामुळे' म्हणजे नेमकं कशामुळे? सर्वनामाला नाम जोडा: 'या विलंबामुळे', 'या दरवाढीमुळे'.

नोकरीच्या अर्जात सहापैकी पाच वाक्यं 'मी'ने सुरू झाली आहेत. कशी बदलू?
— लेखापाल पदासाठी अर्ज करणारी वाचक

क्रियापद पाहून ठरवा. 'करते', 'शकते', 'इच्छिते', 'आले' यांत 'मी' दडलेलीच आहे, स्त्रीलिंगासकट. तुमचा अर्ज तुमच्याबद्दलच असल्यामुळे तिथे 'मी' खुशाल गाळा. पण 'सांभाळले', 'केलं', 'तपासलं' ही रूपं कर्त्याप्रमाणे बदलत नाहीत, ती कर्माप्रमाणे चालतात किंवा तटस्थ राहतात. 'तीन शाखांचे हिशेब सांभाळले' यात कोणी सांभाळले ते दिसत नाही. इथे 'मी' ठेवायचं, फक्त आरंभीची जागा कामाला द्यायची: 'तीन शाखांचे हिशेब मी एकटीने सांभाळले.' गंमत अशी, की 'मी' मागे सरकल्यावर श्रेय अधिक ठसठशीत दिसतं. क्रियापदाजवळच्या जागेचा तो गुण.

'मला अनुभव आहे' यातलं 'मला'ही जाऊ शकतं. मग तुकडा असा होईल:

'सहा वर्षं लेखापाल म्हणून काम करते. या काळात तीन शाखांचे हिशेब मी एकटीने सांभाळले. कर-विवरणपत्रं भरण्याचा आणि लेखापरीक्षणाची कागदपत्रं तयार करण्याचा अनुभव आहे. संगणकावरील हिशेबप्रणाली नवी असली तरी लवकर आत्मसात करू शकते.'

चार वाक्यांत 'मी' एकदाच आलं, तेही मधे. एक करू नका: 'मी' टाळण्यासाठी 'माझ्याकडून हिशेब सांभाळण्यात आले' असं लिहू नका. तो अर्ज वाटत नाही, कबुलीजबाब वाटतो.

'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की' ही सुरुवात पत्रात आवश्यक आहे का?
— एका संस्थेचे सचिव

पत्राच्या माथ्यावर 'विषय' आणि 'संदर्भ' या ओळी आहेत ना? मग विषयास अनुसरून लिहिता आहात हे वेगळं सांगायला नको. सात शब्द संपले तरी वाचकाला काही कळलेलं नसतं. तोच मजकूर मोबाइलवर पाठवला, तर सूचनेच्या पट्टीत तेवढेच सात शब्द दिसतात आणि सभेची वेळ आत राहते.

आधीचं: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार दि. १४ जून रोजी सकाळी १० वाजता आयोजित करण्यात आलेली आहे, तरी सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.'

नंतरचं: 'संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी, १४ जून रोजी सकाळी १० वाजता होईल. सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.'

'कळविण्यात येते'ने आणखी एक गोष्ट झाकली जाते: कळवतं कोण? दंड, मुदत, नकार अशा बाबतीत ते झाकणं अंगाशी येतं. तिथे 'कार्यकारी समितीने ठरवले आहे की' अशी सुरुवात करा. इथे कर्ता हीच बातमी असते. आलेल्या पत्राला उत्तर देताना मात्र संदर्भाने सुरू करणं उपयोगी, पण तो नेमका हवा: 'आपण ३ जूनच्या पत्रात मागितलेला थकबाकीचा तपशील सोबत जोडला आहे.' 'सदर' तेवढा सोडून द्या, 'हा', 'ही', 'हे' पुरतात.

खासगी पत्रात 'स. न. वि. वि.' लिहिणाऱ्यांसाठी: त्याचा विस्तार 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'. म्हणजे प्रस्तावना तिथेच झाली. त्यापुढे 'पत्रास कारण की' लिहिलं तर गोडवा म्हणून असू द्या, गरज म्हणून नव्हे.

'अर्ज भरून कार्यालय पावती देईल' या वाक्यात मुद्रितशोधकाने काय चूक काढली असेल?

अर्ज कार्यालयानेच भरला, असा अर्थ होतो, ही. '-ऊन' रूपाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा लागतो. 'दार उघडून मांजर आत आलं' म्हटलं तर दार मांजराने उघडलं. कर्ते दोन असतील तर '-ल्यावर' घ्या, त्याला स्वतःचा कर्ता बाळगता येतो: 'तुम्ही अर्ज भरल्यावर कार्यालय पावती देईल.' 'बाटली हलवून औषध घ्यावे' यात हलवणारा आणि घेणारा एकच, म्हणून ते निर्दोष आहे. 'तिला इथे येऊन दोन वर्षं झाली' अशी काळ मोजणारी वाक्यं या नियमाला जुमानत नाहीत, आणि ती अस्सल मराठी आहेत. त्यांना हात लावू नका.

सूचनापत्रकात दोनापेक्षा जास्त '-ऊन' एका वाक्यात आले की थांबा. 'फाइल उघडून, नाव बदलून, नवी प्रत साठवून ती पाठवा' हे वाचणारा माणूस एक हात कळफलकावर ठेवून वाचत असतो. प्रत्येक कृतीला वेगळी ओळ आणि क्रमांक द्या, आणि ओळ ज्या वस्तूला हात लावायचा तिच्या नावाने सुरू करा: 'फाइल उघडा. नाव बदला.' इथे सुरुवाती एकसारख्या असणं हाच गुण.

वाक्य आकड्याने सुरू करावं का?

शक्यतो नको. देवनागरीत मोठी लिपी, छोटी लिपी असा भेद नाही. नवं वाक्य सुरू झालं हे फक्त पूर्णविरामावरून कळतं आणि मराठीत तो नुसता एक ठिपका असतो. 'उपस्थिती ४५. १२ जण गैरहजर' यात घाईने वाचणारा ४५.१२ वाचतो. 'क्र.', 'डॉ.', 'रु.' यांच्यामागचा ठिपका गोंधळ वाढवतो. उपाय साधे: लहान संख्या अक्षरात लिहा ('बारा जण गैरहजर होते'), वर्षाआधी 'सन' घाला, किंवा आरंभी दुसरा शब्द आणा: 'गैरहजर १२ जण होते.'

'ज्या सभासदांनी...' अशी सुरुवात केली की वाक्य हातातून सुटतं.

'ज'ने उघडलेलं 'त'ने बंद करावं लागतं: ज्यांनी–त्यांनी, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत, जरी–तरी. मधलं अंतर वाढलं की 'ज्या सभासदांनी' उघडून 'अशा सदस्यांना' बंद केलं जातं. मधे दहा-बारा शब्दांहून जास्त येत असतील तर '-णारे', '-लेले' वापरून आटोपता येतं का पाहा: 'वर्गणी न भरलेल्या सभासदांना मतदान करता येणार नाही.' पण विशेषणंही तीन-तीन रचू नका. 'मागील सभेत ठरलेल्या वेळापत्रकानुसार नेमलेल्या समितीने सुचवलेले' इथपर्यंत वाचक नामाचीच वाट पाहत असतो.

लेखाची सुरुवात 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी केली, तर संपादकांनी पहिला परिच्छेदच काढला.

बरं केलं. ते वाक्य झोपेवरच्या लेखाला चालतं, विम्यावरच्या चालतं, बुद्धिबळावरच्याही चालतं. ज्या वाक्याला कोणताही लेख चालतो, ते तुमच्या लेखाचं नसतं. 'आपणा सर्वांना माहीत आहेच की', 'मुळात', 'तसं पाहिलं तर' यांचीही गत तीच. पहिला नेमका तपशील कितव्या वाक्यात येतो ते शोधा, बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या, आणि तिथून सुरू करा. वरचं खोडल्यावर त्या वाक्यातलं 'त्यामुळे' किंवा 'हे' लोंबकळत राहतं, तेवढं काढायला विसरू नका.